जवसाच्या तेलाचा रॅचेट

लोक घरी येतात, मागच्या खोलीतली भिंत पाहतात आणि दारातच थांबतात. छतापासून पार खालपर्यंत पाने, रॅचेट, पकडी, पेचकस, कानशी, सगळं जुनं लोखंड खिळ्यांवर टांगलेलं. हल्लीची मुलं लगेच मोबाइल काढून फोटो घेतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "आजी, हा छंद तुम्हाला कसा लागला?" पूर्वी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यायची. आता वय झालं, खरं बोलायला हरकत नाही. मला छंदबिंद कधीच नव्हता. मला एक वस्तू परत हवी होती, एकच, आणि ती शोधताना जे जे चुकीचं हाती लागलं ते या भिंतीवर आहे. कुणी त्याला दुर्मीळ म्हणतं, कुणी इंग्लंडचा शिक्का पाहून हरखून जातं. आमच्या घरात या सगळ्याला एकच नाव होतं, 'हा नाही'. आणि जो हवा होता तो एक मात्र या भिंतीवर नाही, हेही त्या मुलांच्या लक्षात येत नाही.

आमचं घर नागपूरच्या पाचपावलीत. घर विणकरांचं. आजोबांच्या काळात समोरच्या खोलीत दोन माग चालायचे. मला आठवतं तेव्हा त्यातल्या एकाच्या लाकडाचा पलंग झाला होता आणि दुसऱ्यावर माय कपडे वाळत घालायची. तरी घराचा वास विणकराच्या घराचाच राहिला. भिंतींत खळीचा, म्हणजे सुताला लावायच्या पेजेचा, आंबूस वास मुरलेला आणि त्यावर जवसाच्या तेलाचा. जवसाचं तेल आमच्याकडं सगळ्याला लागायचं. गोळाभातावर कडकडीत करून तेच, चटणीवर कच्चं तेच, आणि माग चालू होते तोवर धोट्यालाही तेच. सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारं ते लाकडी हत्यार म्हणजे धोटा. जवसाचं तेल लाकडावर सुकतं, त्याची पातळ साय धरते, आणि मग धोटा कसा सुळकन जातो. संध्याकाळी हत्यार ठेवताना त्याला तेलाचं बोट लावायचं, ही गोष्ट आजोबांनी बाबांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवली होती.

माग थांबले तेव्हा बाबा चांगले बाप्ये झालेले होते. त्या वयात ते कामठी रोडवरच्या एका ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागले. मिसरूड न फुटलेली पोरं त्यांना पाने कसे धरायचे ते दाखवायची आणि "ओ कोष्टीबुवा, हे सूत नाही, बोल्ट हाय," म्हणून हसायची. बाबा गप्प राहून शिकले. किती वर्षं लागली ते मला माहीत नाही, पण एक दिवस गॅरेजच्या उस्तादनं स्वतःच्या पेटीतला जुना रॅचेट काढून बाबांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "रख ले. अब कोई कुछ नहीं बोलेगा." ही गोष्ट बाबा दर दसऱ्याला सांगायचे. रॅचेट म्हणजे बोल्ट कसायचा दांडा. एका दिशेनं ओढला की बोल्ट फिरवतो, परत आणताना मात्र नुसता करकरतो. आत एक दातेरी चाक असतं आणि त्या दात्यांत अडकणारी छोटी पोलादी जीभ. एवढीच त्याची कळ. पण ज्याला उस्तादनं आपला रॅचेट दिला तो मेकॅनिक, हे त्या गॅरेजात सगळ्यांना मान्य होतं, आणि बाबांना त्याहून मोठा मान उभ्या जन्मात मिळाला नाही.

आता बाबांचा हट्ट सांगते. रॅचेटला गॅरेजमधलं पातळ तेल घालायचं असतं, हे कुणीही सांगेल. बाबा घालायचे जवसाचं. "ज्या तेलानं बापाचा धोटा चालला, त्यानं माहा रॅचेट काहून नाही चालणार?" हे त्यांचं म्हणणं. वरच्या दांड्याला त्याचा फायदा व्हायचा, पावसाळ्यात सगळ्यांची हत्यारं तांबारायची आणि बाबांचा रॅचेट काळाभोर राहायचा. पण आतल्या दात्यांत तेच तेल सुकून चिकट व्हायचं. धोट्याच्या पोटात दाते नसतात, हे काही बाबांनी मनावर घेतलं नाही. म्हणून रोज सकाळी मायनं चहा उतरवला की बाबा चुलीपाशी बसायचे, विस्तवावर रॅचेट धरून कोमट करायचे आणि मग फिरवून पाहायचे. आधी एक दबका आवाज, मग दुसरा, आणि मग कर्र, कर्र, कर्र, अशी मोकळी लकेर. जवसाचा गरम वास आणि ती करकर आली की मला जाग यायची. गॅरेजवाले चिडवायचे, "कोष्ट्या, रॅचेटले फोडणी देऊन आला का गा?" बाबा म्हणायचे, "हो, मोहरी तेवढी राहिली."

मी तो रॅचेट कधी नीट पाहिला नव्हता, हे पुढं कळायला हवं म्हणून इथंच सांगते. मी पांघरुणात असायची, बाबा पाठमोरे असायचे, आणि नंतर रॅचेट पेटीत जायचा. पेटीला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. मला त्याचा आवाज माहीत होता, वास माहीत होता आणि तो काळा आहे एवढं ऐकलं होतं, बाकी काही नाही.

बाबांचे डोळे गेले ते एकदम नाही. आधी ते म्हणायचे कडेकडेनं धूर दिसतो. मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. गॅरेज सुटलं. पेटी घरी आली आणि पलंगाखाली बसली. तरीही बाबा रोज सकाळी अंगणापर्यंत चाचपत जायचे, ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारा ट्रक कोणता आणि त्याचं काय दुखतंय ते आवाजावरून सांगायचे, तर्री-पोह्याच्या टपरीवर कुणीतरी हात धरून नेलं तर जायचे. माणूस खचला नव्हता. पेटी मात्र त्यांनी उघडली नाही. "सवड भेटली का उघडीन," म्हणायचे. सवडच सवड होती.

मग नवरात्राच्या आधीची साफसफाई आली. त्या वर्षी ती माझ्या मोठ्या भावानं, दादानं अंगावर घेतली होती. आणि खांडेनवमीला सकाळी बाबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पाटासमोर येऊन बसले. खांडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. पाटावर आजोबांचा धोटा मांडला होता, मायचा विळा होता, दादाचा ऑफिसातला पेन होता, झेंडूची फुलं होती. बाबांनी हळदीकुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि म्हणाले, "मंदे, माही पेटी आन वं." मी पलंगाखाली वाकले. तिथं नुसती फरशी होती, स्वच्छ पुसलेली. मी मायकडं पाहिलं, मायनं दादाकडं पाहिलं.

"पेटी नाही, बाबा," दादा म्हणाला. "मी देऊन टाकली."

"कोनाले?"

"भंगारवाल्याले. दोनदा पडले ना तुमी तिच्यावर, नडगी फुटली होती. आन तुमचा तो रॅचेट मी पाहिला, पुरा जाम झालता. फिरतच नव्हता. काय कामाची राहिली होती ती पेटी?"

बाबांचं बोट वाटीतच होतं. ते ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरं केलं," ते म्हणाले. मग पाटावरची रिकामी जागा त्यांनी हातानं चाचपली, तिला हळदीकुंकू लावलं आणि उठून पलंगावर जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. त्या दिवशी मायनं पाटोड्यांची भाजी केली होती, त्यांच्या आवडीची. ती तशीच राहिली.

दादाला मी पुष्कळ दिवस माफ केलं नाही, पण आज सांगते, त्याचं चुकलं असलं तरी वाईट नव्हतं. त्याला बाप पडताना दिसत होता आणि लोखंडाची पेटी दिसत होती. त्या पेटीत काय आहे हे त्याला दिसलं नाही, कारण तो रोज सकाळी उशिरापर्यंत झोपायचा.

दुसऱ्या दिवशी दसरा. लोक सोनं द्यायला आले, बाबांनी कूस बदलली नाही. दिवाळी आली तरी ते ओट्यावर आले नाहीत. टपरीवरचे मित्र येऊन हाका मारून गेले. विचारलं तर उत्तर, नाहीतर नाही. जेवायला उठायचे, दोन घास खाऊन परत भिंतीकडं. माय चुलीपाशी बसून डोळे पुसायची आणि धुराच्या नावावर खपवायची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, अंगानं काडी आणि डोक्यानं दगड. मी ठरवलं की तो रॅचेट आणायचा. सगळी पेटी नको, तेवढा रॅचेट. तो हातात पडला तर हा माणूस उठेल, नाही पडला तर असाच भिंतीकडं तोंड करून जाईल. मला यात शंका नव्हती, आणि माझ्याशी कुणी वाद घातलाही नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही.

दादाला भंगारवाल्याचं नावगाव काही ठाऊक नव्हतं. हातगाडी घेऊन आला, घेऊन गेला. पण शहरातलं जुनं लोखंड शेवटी रविवारच्या बाजारात येतं, हे गॅरेजमधल्या लोकांनी सांगितलं. मी बाबांना विचारलं, "बाबा, तुमचा रॅचेट दिसाले कसा होता?" "जाऊ दे," भिंतीकडून उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं. "हातात घेतला का समजते," ते म्हणाले. त्यावर मी काय करणार? बाजारात गेले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या पसरलेल्या आणि त्यांवर नळ, बिजागऱ्या, पंख्यांची पाती, घड्याळांची पोटं. हत्यारांची ताडपत्री एका म्हातारीची होती. गोदाबाई तिचं नाव. नऊवारी लुगडं, तोंडात तंबाखू, आणि समोर लोखंडाचा डोंगर. रॅचेट पाहिजे म्हटल्यावर तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"काहून वं पोट्टी? लोकाच्या पोरी या वयात बांगड्या पाहून राहिल्या, तू पाने पाहून राहिली?"

"माह्या बाबाचा रॅचेट हरवला. त्योच पाहिजे."

"कसा होता?"

"काळा. आन त्याचा आवाज..." मी तोंडानं करकर करून दाखवली. शेजारचा नळवाला हसायला लागला. गोदाबाई हसली नाही. तिनं ढिगातून एक रॅचेट काढून माझ्यासमोर टाकला. माझ्यापाशी द्यायला काय होतं? घरात मोडलेल्या मागाचं लोखंड पडून होतं, वजनं, आकडे, पट्ट्या. ते गोदाबाईला चाललं. तेव्हापासून आमचा व्यवहार तसाच राहिला. मागाचा एक तुकडा जायचा आणि एक हत्यार यायचं.

तो पहिला रॅचेट घेऊन मी घरी आले आणि बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी मूठ मिटली नाही. मी त्यांची बोटं धरून मिटवली. अंगठा दांड्यावरून एकदा फिरला. "हा नाही," ते म्हणाले आणि पाठ फिरवली. मी तिथंच उभी राहिले, नाक ओढत. थोड्या वेळानं पलंगावरून आवाज आला, "चाकावर धरून घासला कोन्या येड्यानं. चकचकीत केला. नावाची अक्षरं गेली ना सारी. जुनं हत्यार कोनी असं घासते का?" खांडेनवमीनंतर बाबांचं ते पहिलं लांब बोलणं होतं. चुलीपाशी मायचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मग काय, मी दर रविवारी जायला लागले. दर रविवारी चुकीचा आणायचे. कधी रॅचेट नसला तर पानाही आणायचे, कारण मला दिसत होतं की वस्तू हातात पडली की बाबा बोलतात. सुरुवातीला एक वाक्य, मग दोन, मग उठून बसून. आज लोक मला फोटो पाठवून विचारतात की हे कुठलं, केव्हाचं. मी जे सांगते ते सगळं त्या पलंगाच्या कडेवर बसून शिकले. एका पान्याच्या तोंडावर अर्धा इंच कोरलेलं होतं आणि तोंड तर त्याहून कितीतरी रुंद होतं. मी म्हटलं, फसवलं मला गोदाबाईनं. बाबा म्हणाले, "नाही वं. हा जुना इंग्रजी पाना हाय. लिव्हलं ते तोंडाचं माप नाही, बोल्टाच्या दांडीचं हाय. त्याहीची रीतच तशी." एकावर बाणाची खूण होती. बाबांनी नखानं ती शोधली आणि म्हणाले, लष्कराचा आहे, कामठीच्या छावणीतून निघाला असेल. ओतीव लोखंड आणि घडीव पोलाद ओळखायला त्यांनी मला पाना सुतळीला टांगून दुसऱ्यानं टिचकी मारायला लावली. घडीव असला की आवाज लांबवर जातो, ओतीव असला की जागीच बसतो. जालंधरच्या मालावर विलायती नाव ठोकलेलं कसं ओळखायचं, तेही त्यांनीच सांगितलं. नकली अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात, खऱ्याच्या झिजून गोल झालेल्या असतात. आणि एकदा एक पाना बराच वेळ हातात फिरवून म्हणाले, "डावखुरा होता गडी. पाह्य ना, इकून झिजला." तो पाना भिंतीवर वर उजव्या कोपऱ्यात आहे. त्या डावखुऱ्या माणसाचा विचार मी अजून करते.

हे सगळं गोड वाटत असेल, पण रोज गोड नव्हतं. माय वैतागायची, "लग्नाची पोट्टी भंगारात बसून राहते, लोक काय म्हनतीन वं?" मी म्हणायची, लोकांना म्हणू दे, त्यांना दुसरं काम नाही. हात काळे, नखं काळी, कॉलेजात मुली नाकाला रुमाल लावायच्या. काही रविवारी मोकळ्या हातानं परतायची आणि बाबा माझ्या पावलांवरूनच ओळखून पुन्हा भिंतीकडं वळायचे. बोलत असले तरी घराबाहेर ते पडतच नव्हते. ओट्यावर चला म्हटलं तर म्हणायचे, "काय कराचं?" प्रत्येक वेळी 'हा नाही' म्हणताना त्यांचा आवाज एवढासा उतरायचा, आणि ते मला सोसायचं नाही. पण थांबायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मायनं एक दिवस न बोलता मागाचं शेवटचं वजन माझ्या पिशवीत टाकलं. दादानं कुणाला न विचारता मागच्या खोलीत खिळे ठोकले आणि जमिनीवर पडलेली सगळी हत्यारं एकेक करून टांगली. त्या दिवशी मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले.

उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा, त्याचं वेगळं वर्णन कशाला करू. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून मायनं बळंच दिलेला कांदा जवळ ठेवून गोदाबाईपाशी बसले होते. ढीग सगळा ओळखीचा झाला होता, नवीन काही नव्हतं. गोदाबाई म्हणत होती, "आता सोड वं नाद. गेला असंल त्यो वितळून." मी म्हटलं, "नाही गेला." आणि तेवढ्यात वावधन सुटलं. धुळीचा लोट, समोरचं दिसेना, शेजारच्या नळवाल्याची ताडपत्री उडून रस्त्यावर. गोदाबाईच्या ताडपत्रीचा माझ्याकडचा कोपरा वर उठला आणि त्याला सुतळीनं बांधलेलं वजन माझ्या गुडघ्यावर आदळलं. मी कळवळून ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. वारा थांबेपर्यंत धरून बसले. धूळ खाली बसली तेव्हा मी हातात काय आहे ते पाहिलं. धुळीचा लेप बसलेला एक दांडा. डोकं गोल. डोक्यातून बाहेर आलेला चौकोनी खुंट.

"मावशी, हे काय हाय?"

"ते? ते मेलेलं हाय. जाम हाय पुरं, कोनी घेत नाही. वजनाले बांधलं म्या."

"कधीपासून?"

"मागल्या दसऱ्यापासून असंल. तुह्या पहिलेच आलं."

मी सुतळी सोडली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडली. रॅचेट फिरवून पाहिला, हलत नव्हता. दुपट्ट्यानं तो पुसला तर धुळीखाली काळा दांडा, तांबेऱ्याचा एक ठिपका नाही. उघड्यावर पडलेल्या लोखंडाला गंज नाही, हे कसं? मी नखानं खुंटाच्या कडेचा पिवळट डिंक खरवडला आणि नाकाशी नेला. धुळीचा वास आला फक्त. पण मी तो सोडला नाही. गोदाबाई म्हणाली, "ने बापा. आन त्याच्या जागी एक गोटा आनून दे मले." मी रस्त्यावरून दगड आणून तिच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि घराकडं जवळजवळ पळत निघाले.

माय पोळ्या करत होती. मी काही न बोलता तवा उतरवला आणि रॅचेट विस्तवावर धरला. माय तोंड उघडणार, तोच तिनं माझा चेहरा पाहिला आणि विस्तव पुढं सारला. लोखंड तापायला वेळ लागला. आधी धूळ जळाल्याचा वास आला. मग खुंटाच्या कडेला बुडबुडा आला, पिवळा, आणि तोच वास आला. मी चुलीपाशी बसून हमसून रडायला लागले. मायही रडत होती, या वेळी धुराचं नाव न घेता. मी रॅचेट बाहेर काढला, फडक्यात धरून थोडा निवू दिला आणि जोर लावला. एक दबका आवाज झाला. मग दुसरा. मग कर्र, कर्र, कर्र.

पलंग करकरला. मी आत गेले तेव्हा बाबा उठून बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर. मी फडक्यासकट रॅचेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी फडकं काढलं. अंगठा दांड्यावरून गेला, डोक्यावरून गेला, खुंटापाशी थांबला. त्यांनी तो नाकाशी नेला. कानाशी नेऊन हळूच फिरवला, पुन्हा फिरवला. आणि मग ते म्हणाले, "हा नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाबा, काय म्हन्ता?"

"हा बी नाही."

"बाबा, जवसाचा वास येऊन राहिला घरभर!"

"तुही माय चटनी करून राहिली असंल."

"मी तं पोया करून राहिली," चुलीपासून मायचा आवाज आला.

"तरी बी हा नाही म्हंतलं ना!" बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. एवढ्या उन्हात, एवढे महिने, नखं तुटेस्तोवर मी जे शोधलं ते आणून हातात दिलं आणि हा माणूस नाही म्हणतो! मी त्या दिवशी जेवले नाही. बाबा मात्र जेवले, दोन पोळ्या जास्त मागून घेतल्या. दरवेळी चुकीची वस्तू ते मला परत द्यायचे, "टांग खिळ्याले," म्हणायचे. ही त्यांनी परत दिली नाही. मी मागितली तर म्हणाले, "राहू दे, पाहून राहिलो." आठवडाभर ती त्यांच्या उशाशी होती. सकाळी ती करकर ऐकू यायची आणि मी मुद्दाम कानावर पांघरूण ओढायची. मायला काहीतरी कळलं होतं, पण ती नुसतीच हसायची. मला तेव्हा काही कळलं नाही, मी रागात होते.

तो रॅचेट आता माझ्या स्वयंपाकघरात असतो, जवसाच्या तेलाच्या बाटलीशेजारी. बाबा गेल्यावर त्यांच्या उशाखालून मीच काढला. अधूनमधून गॅसवर कोमट करून फिरवते. येणाऱ्या पोरांना दाखवत नाही.

तर तो रविवार. मी ठरवलं होतं, आता बाजारात पाऊल टाकायचं नाही. उशिरापर्यंत पडून राहिले. उठले तेव्हा समोरच्या खोलीत पलंग रिकामा होता. मी घाबरून बाहेर आले. बाबा दारात उभे होते, धुतलेलं धोतर, डोक्याला दुपट्टा, पायात चपला. त्या चपला खांडेनवमीपासून कोपऱ्यात पडून होत्या. माय त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवत होती, गॅरेजला जायचे तेव्हा उन्हाळ्यात ठेवायची तसा. एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात रॅचेट.

"मंदे, चाल वं," ते म्हणाले. "ऊन चढते मंग. मी बी येतो. आपला रॅचेट शोधाचा हाय ना?"

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. मायकडं पाहिलं. मायनं तोंडाला पदर लावला होता.

"हो बाबा," मी म्हणाले. "अजून भेटलाच कुठं?" आणि खुंटीवरची पिशवी काढून घेतली.